वॉर्डातली शहाणी मुलं

चित्रपटाचा कॅमेरा जेम्स रॉबर्टसन यांनी त्याआधी कधी हाताळला नव्हता. १९५१ साली लंडनच्या सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयात, लहान मुलांच्या वॉर्डात ते उभे राहिले तेव्हा त्यांच्याजवळ चावी द्यायचा एक साधा कॅमेरा आणि कृष्णधवल फिल्मची थोडी रिळं होती. सगळा खर्च दीडशे पौंडांचा. वॉर्डाच्या भिंतीवर घड्याळ होतं, आणि ते चित्रात दिसलंच पाहिजे असा कटाक्ष होता. या फिल्मवर पुढे आरोपांचा पाऊस पडणार, हे रॉबर्टसन आणि त्यांचे वरिष्ठ जॉन बोल्बी या दोघांनीही आधीच ओळखलं होतं.

समोर खाटेवर एक मुलगी होती. वय दोन वर्षं पाच महिने. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस राहायला आलेली. जगाला ती लॉरा या नावाने माहीत आहे.

लॉरा रडत नव्हती. आणि तीच मोठी पंचाईत होती.

तेव्हाची रीत ठाऊक असल्याशिवाय ही पंचाईत कळणार नाही. मूल रुग्णालयात ठेवायचं म्हणजे त्याला नर्सच्या हाती सोपवून आईबापांनी घरी जायचं. लंडनच्या मोठ्या रुग्णालयांतल्या भेटीच्या वेळा १९४९ साली ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात छापून आल्या होत्या. त्या आज वाचतानाही पोटात कालवतं. गाइज रुग्णालयात रविवारी दुपारी दोन ते चार. सेंट बार्थोलोम्यूत बुधवारी दोन ते साडेतीन. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाही. संध्याकाळी सात ते आठ या वेळात यायचं आणि झोपलेलं मूल पाहून परत जायचं. लंडन हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना भेटायचंच नाही, फक्त पार्टिशनआडून बघायचं.

हे नियम करणारे लोक निर्दय नव्हते. आईबापांच्या पावलांनी वॉर्डात साथ शिरेल ही भीती होती आणि प्रतिजैविकं हाताशी नव्हती त्या काळात ती खोटीही नव्हती. दुसरं कारण नर्सच्या रोजच्या अनुभवातलं होतं. आई भेटून गेली की मूल हंबरडा फोडतं, वॉर्ड डोक्यावर घेतं. आई आलीच नाही तर दोन-चार दिवसांत गप्प होतं. दिलेलं खातं, सुई टोचून घेतं, हट्ट करत नाही. एकदा रुळलेल्या मुलाला पुन्हा कशाला रडवायचं? सगळे नियम या एका तर्कावर उभे होते: गप्प मूल म्हणजे बरं मूल.

रॉबर्टसन डॉक्टर नव्हते. स्कॉटलंडमधल्या रदरग्लेन गावच्या कामगार घरातले. महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला त्यांनी नकार दिला आणि लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांनी युद्धाच्या झळा सोसणाऱ्या मुलांसाठी चालवलेल्या संगोपनगृहांत बॉयलर सांभाळायचं आणि मोडतोड दुरुस्त करायचं काम पत्करलं. पत्नी जॉइस तिथेच मुलांकडे बघत. अ‍ॅना फ्रॉइड यांचा एक दंडक होता. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने, तो कुणी का असेना, मुलांत जे दिसेल ते कागदावर टिपून द्यायचं. बॉयलरवाल्यानेसुद्धा. पुढे सिद्धांतावर नाव बोल्बींचं लागलं, पण तो ज्या नजरेवर उभा राहिला ती नजर मला तरी या बॉयलरजवळ घडलेली दिसते.

बोल्बी टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधले मनोविकारतज्ज्ञ. चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांचा त्यांनी अभ्यास केला होता आणि तो १९४४ साली छापून आला होता. त्यांतली १४ मुलं अशी होती की त्यांना कुणाबद्दल मायाच वाटत नसे. आणि या १४ पैकी १२ जणांची अगदी लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. आकडा बोलका होता, पण दिशा उलटी होती. मूल बिघडल्यावर मागे जाऊन कारण शोधलं की सापडलेलं कारण खरं की सोयीचं, हे कोण ठरवणार? ताटातूट होत असतानाच मुलाचं काय होतं, हे कुणीतरी तिथे उभं राहून बघायला हवं होतं. १९४८ साली बोल्बींनी त्या कामावर रॉबर्टसन यांना नेमलं.

वॉर्डात त्यांचं चांगलं स्वागत झालं. नर्स मायाळू होत्या, कामात तरबेज होत्या. मुलं मजेत आहेत, असं त्यांना सांगण्यात आलं. मोठी मुलं खरंच खेळतही होती. पण तीन वर्षांखालची मुलं खाटेच्या कठड्याआड नुसती बसून होती. आवाज नाही, खेळ नाही. डॉक्टर फेरीला येत, पाच मिनिटं थांबून पुढे जात, त्यांच्या नजरेला ती शहाणी दिसत. रॉबर्टसन तिथे तासन् तास थांबले, दिवसांमागून दिवस जात राहिले. आलेल्या मुलाचं पुढे काय होतं याचा क्रम हळूहळू त्यांच्या टिपणांत उमटू लागला. आधी आकांत: मूल रडतं, दाराकडे बघत राहतं, जवळ येणाऱ्या नर्सला ढकलून देतं. मग हताशा: रडणं थांबतं, मूल मिटून जातं, मधूनच कण्हल्यासारखं रडतं. हीच ती ‘रुळण्याची’ वेळ. मुक्काम लांबला तर तिसरी अवस्था येई. मूल पुन्हा हसू लागे, कुणाही नर्सकडे जाई, खाऊ घेई. आणि आई आली की तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघे.

या टिपणांवर कुणी विश्वास ठेवेना. डॉक्टर म्हणत, आमच्या वॉर्डात असं नाही. शब्दाने पटत नसेल तर डोळ्यांना दाखवू, असं रॉबर्टसन यांनी ठरवलं आणि त्यातून तो कॅमेरा आला. मूल मुद्दाम निवडलं असा ठपका येऊ नये म्हणून शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीतून चिठ्ठी काढावी तसं नाव काढलं. रोज कोणत्या वेळी चित्रण करायचं तेही आधी ठरवून टाकलं. रडणारे क्षण वेचून जोडले, असं कुणाला म्हणता येऊ नये. घड्याळ त्यासाठी.

आणि चिठ्ठीत निघाली लॉरा, वयाच्या मानाने विलक्षण संयमी मुलगी. पहिल्या दिवशी आंघोळीसाठी कपडे उतरवले तेव्हा ती रडत दाराकडे धावली. त्यानंतर बाहेरून पाहणाऱ्याला ती आदर्श रुग्ण वाटली असती. टेडी आणि घरून आणलेला पांघरुणाचा तुकडा घट्ट धरून बसलेली असे. मधेच, चेहऱ्यावर काही न दाखवता, आई कुठे गेली असं विचारी. ओठ थरथरायला लागत की ती स्वतःला आवरी. अडीच वर्षांच्या मुलीने रडू आवरायचं म्हणजे काय कष्ट असतील, ते फिल्ममध्ये तिच्या चेहऱ्यावर दिसतात. आई भेटायला आली की ती धावत सुटत नसे, तोंड फिरवी. पुन्हा जवळ यायला तिला वेळ लागे आणि तो वेळ दर भेटीला वाढत गेला. आठव्या दिवशी घरी निघताना तिने आपली एकूण एक वस्तू गोळा करून घेतली. आईने हात पुढे केला, तो मात्र धरला नाही.

नोव्हेंबर १९५२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये सुमारे तीनशे डॉक्टर-नर्सच्या सभेत ही फिल्म दाखवली गेली. दिवे लागले आणि सभा उसळली. हा आमच्या व्यवसायावरचा कलंक आहे, ही मुलगी अपवाद आहे, फिल्म मागे घ्या, अशा आवाजांत चर्चा बुडाली. बारकाईने बघणारे होते तेही गोंधळले, कारण आकांत करणारं मूल त्यांना अपेक्षित होतं आणि इथे तर मुलगी शांत बसली होती. म्हणूनच मला लॉराचं नाव निघणं हे या शोधातलं मोठं भाग्य वाटतं. रडणारं मूल दाखवलं असतं तर ‘मुलं रडतातच’ म्हणून विषय संपला असता.

त्या सभेत डर्मॉड मकार्थी नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. तेही इतरांसारखेच चिडून परतले. पण एमरशॅमच्या आपल्या वॉर्डात फेरी घालताना मुलांचं रडणं त्यांना प्रथमच ऐकू आल्यासारखं झालं. आजवर कानांवर पडत होतं, ऐकू येत नव्हतं. वॉर्डप्रमुख सिस्टर आयव्ही मॉरिस यांच्या साथीने त्यांनी आयांना मुलांजवळ राहू द्यायला सुरुवात केली आणि रॉबर्टसन यांनी पुढे आपली दुसरी फिल्म त्याच वॉर्डात केली. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला: आईबापांना केव्हाही भेटू द्या, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या. रुग्णालयांनी तो लगेच मानला नाही. १९६१ साली रॉबर्टसन यांनी दूरचित्रवाणीवर फिल्मचे तुकडे दाखवून आयांनाच साद घातली, आणि आयांच्या संघटनेने तो रेटा पुढे कित्येक वर्षं चालू ठेवला.

लॉराची एक गोष्ट सांगायची राहिली. काही महिन्यांनी रॉबर्टसन तिच्या आईवडिलांना घरी फिल्म दाखवत होते. लॉरा झोपली होती, ती जागी होऊन आली आणि शेवटचा भाग तिने पाहिला. तिचा चेहरा लाल झाला. इतके दिवस तू होतीस कुठे, असं आईला रागाने विचारून ती मोठ्याने रडू लागली आणि वडिलांकडे वळली. वॉर्डात जे आवरून धरलं होतं ते तिच्या आत तसंच होतं.

पण आत काय आहे ते मोजायचं कसं? प्रत्येक मुलाची महिनोन्महिने वाट बघून तर शास्त्र चालत नाही. हा प्रश्न सोडवणारी बाई रॉबर्टसन यांच्या टिपणांचे गठ्ठे चाळत टॅव्हिस्टॉकमध्येच बसली होती. मेरी एन्सवर्थ. अमेरिकेत जन्म, शिक्षण टोरांटोत. १९५० साली नवऱ्याबरोबर लंडनला आल्या आणि वर्तमानपत्रातली जाहिरात बघून बोल्बींकडे नोकरीला लागल्या. ती टिपणं वाचून त्यांनी मनाशी ठरवलं, कधी स्वतःचं संशोधन करेन तर असंच, माणसांच्या जवळ जाऊन. बोल्बींचं म्हणणं मात्र त्यांना पटत नव्हतं. मूल आईला बिलगतं ते दुधासाठी, पोट भरणाऱ्यावर माया जडते, असं तेव्हाचं शास्त्र सांगे. बोल्बी म्हणत होते की लळा ही स्वतंत्र, जन्मजात गरज आहे, पिल्लाचा जीव वाचावा म्हणून निसर्गाने दिलेली. हे छापलंत तर नाव खराब होईल, असं एन्सवर्थबाईंनी त्यांना सांगून पाहिलं होतं.

त्यांचं मत फिरलं ते युगांडात. १९५४ साली त्या कंपालाजवळच्या खेड्यांत गेल्या. दूध तोडताना मुलाला आजीकडे पाठवायची गांडा लोकांत रीत आहे, तिचा परिणाम अभ्यासायचा असा बेत होता. गेल्यावर कळलं की ती रीत बहुतेकांनी सोडून दिली आहे. बेत कोसळला. मग त्या २६ घरांत नुसत्या जाऊन बसू लागल्या. दुपारच्या वेळी बायका गप्पा मारत, मुलं भोवती. एखादं मूल आईच्या मांडीवरून उतरे, रांगत दूर जाई, काहीतरी उचलून बघे, वळून आईकडे पाही, पुन्हा पुढे जाई. पाहुणी बाई जरा हलली की झपाट्याने परत येऊन आईला चिकटे आणि धीर आला की पुन्हा निघे. दुधाचा इथे काही संबंध नव्हता. आई हे त्या मुलाचं ठाणं होतं, आणि ठाणं पक्कं असल्यामुळेच ते दूर जाऊ शकत होतं. जास्त लळा लागलेलं मूल परावलंबी होतं, ही समजूत डोळ्यांदेखत उलटी पडत होती.

तिथे आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला फार मोलाची वाटते. कोणत्या मुलांचा लळा निर्धास्त होता? आई चोवीस तास जवळ असलेल्यांचाच, असं काही निघालं नाही. शेतात राबणाऱ्या आया होत्या, घरात आजी, मावश्या, मोठी बहीण मूल सांभाळत, आणि मुलं आईखेरीज आजीला, बापालाही बिलगत. फरक दिसला तो आईशी बोलताना. ज्या आया आपल्या मुलाबद्दल भरभरून, बारीकसारीक सांगू शकत, म्हणजे ज्यांचं त्याच्याकडे लक्ष असे, त्यांची मुलं निर्धास्त होती. १९५१च्या बोल्बींच्या जागतिक आरोग्य संघटनेसाठीच्या, लहान मुलाला आईचा सलग जिव्हाळा हवा असं सांगणाऱ्या अहवालाचा आधार घेऊन नोकरी करणाऱ्या बायकांना किती वर्षं टोमणे मारले गेले! त्या टोमण्यांना उत्तर युगांडातल्या या अंगणांत तयार होतं. कुणी वाचलं नाही, एवढंच.

१९६३ पासून एन्सवर्थबाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये तेच काम पुन्हा केलं. २६ घरं, जन्मानंतर दर तीन आठवड्यांनी भेट, एका भेटीत चार-चार तास, वर्षभर. एकेका घरातली सत्तरएक तासांची टिपणं जमली. त्यांतूनच सिल्विया बेल यांच्यासोबतचा १९७२चा निबंध निघाला: पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याकडे आई लगेच धावली, ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. आपल्याकडे बाळंतिणीला दर दुसरा पाहुणा सांगून जातो, रडू दे जरा, उचलायची सवय लागेल. रडण्याला दाद दिली की रडणं वाढतं असं मानणाऱ्या वर्तनवाद्यांनी या निबंधावर कडाडून टीका केली, वाद रंगला. पण त्या टिपणांमागे घरांत बसून घालवलेले तास होते आणि टीकाकारांपाशी तसले तास नव्हते.

एक अडचण मात्र होती. अमेरिकन घरात आई एका खोलीतून दुसरीत सतत ये-जा करते, बाळाला त्याची सवय असते. युगांडातलं ते जाणं-परतणं इथे उठून दिसेना. म्हणून त्यांनी आणि बार्बरा विटिग यांनी अनोळखी खोलीचा प्रयोग बेतला. दोन खुर्च्या, जमिनीवर खेळणी, एका बाजूला एकतर्फी आरसा. वर्षाचं बाळ आईबरोबर येतं. एक अनोळखी बाई येते. आई तीन मिनिटं बाहेर जाते, परतते. पुन्हा जाते, या वेळी बाळाला एकटं ठेवून. मग ती बाई येते, शेवटी आई. मूल फार रडू लागलं तर वेळ आवरता घ्यायचा. सगळं मिळून वीसेक मिनिटं.

सगळ्यांचं लक्ष आई जाण्याच्या क्षणाकडे होतं. उत्तर मिळालं ते ती परतण्याच्या क्षणात. पहिल्या २३ बाळांपैकी १३ बाळं आई येताच तिच्याकडे धावली, चिकटली, शांत झाली आणि पुन्हा खेळण्यांकडे वळली. चौघं कडेवर घेतलं तरी समजूत पटेना अशी; बिलगायचीही आणि लाथाही मारायची. उरलेली सहा बाळं आई गेली तरी रडली नाहीत. आली तेव्हा बघितलं न बघितल्यासारखं करून खेळण्यांशी चाळा करत राहिली. आरशाआडून बघणाऱ्याला सर्वांत धीट, सर्वांत स्वतंत्र वाटावीत अशी ती सहा.

रॉबर्टसन यांच्या वॉर्डातल्या मुलांची टिपणं वाचलेल्या बाईला हे धीट मूल ओळखू आलं. त्यांनी घरांतली पानं उलगडली. खोलीत सर्वांत शांत राहिलेली हीच बाळं घरी जास्त रडत होती, आई जराशी दिसेनाशी झाली तरी कासावीस होत होती. आणि त्यांच्या आया, बहुतेक करून, बाळ जवळ यायला झेपावलं की नेमकं तेव्हाच त्याला दूर ठेवत होत्या. वर्षभरात बाळ एक धडा शिकलं होतं: गरज असेल तेव्हा ती दाखवायची नाही. जवळ राहायचा तेवढाच मार्ग त्याला उरला होता.

तरीही शंका घ्यायला जागा होती. हा तुमचा अर्थ, बाळाला खरंच काही वाटत नसेल तर? १९७७ साली मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅलन स्राउफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी तशाच खोलीत बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. आई परतल्यावर रडून बिलगणाऱ्या बाळांचे ठोके लवकर पूर्वपदावर आले. शांतपणे खेळण्याकडे वळलेल्या बाळांचे चढलेलेच राहिले. खेळणं हातात, नजर खाली, आणि छातीत धडधड.

मिनेसोटातच १९७० च्या दशकात गरिबीत राहणाऱ्या २६७ आयांच्या मुलांचा माग काढायला सुरुवात झाली होती. ही मुलं बालवाडीत आली तेव्हा बाईंना त्यांच्या पहिल्या वर्षाच्या नोंदी सांगितलेल्या नव्हत्या. निर्धास्त लळा असलेली मुलं बाईंना कमी चिकटत, भांडण झालं तर सावरत, दुसरं मूल रडलं तर जवळ जात. जी बाळं खोलीत आईकडे वळली नव्हती, ती एरवी बाईंच्या मागेमागे असत, पण लागलं-खुपलं, हिरमोड झाला की नेमकी तेव्हा दूर जात.

याच मुलांच्या आयांमध्ये स्वतः लहानपणी मार आणि हाल सोसलेल्या बायका होत्या. त्यांतल्या काहींनी तेच आपल्या मुलांच्या वाट्याला दिलं, काहींनी दिलं नाही. दुसऱ्या प्रकारच्या बायकांत वेगळं काय होतं, ते १९८८ साली बायरन एगलंड, डेबोरा जेकबविट्झ आणि स्राउफ यांनी छापलं. लहानपणी आईबापांखेरीज कुणीतरी एक प्रेमाचं मोठं माणूस त्यांना लाभलं होतं. किंवा पुढे कधीतरी त्यांनी मानसोपचार घेतले होते. किंवा सध्याचा जोडीदार भक्कम पाठीशी होता.